एकाच बाईचे दोन काळे गोल

बोरी अरबच्या अलीकडे एका गावी मी नर्स होते. त्या दिवसांचं काही लिहायचं म्हटलं की मला आधी पाय दुखल्याचंच आठवतं. बाळंतपणं, देवी टोचणं, हिवतापाच्या गोळ्या वाटणं हे होतंच. त्यात एकसष्ट-बासष्टच्या सुमारास शहरातून एक डॉक्टर आले. वेड रक्तातून उतरतं का, आईबापाकडून लेकरांत येतं का, हे त्यांना शोधून काढायचं होतं, आणि त्यासाठी वेडी माणसं असलेली घरं हवी होती. माणूस सज्जन होता. आमच्या वस्तीतला चहासुद्धा नाकारत नसे. त्या काळात तेवढ्यावरच मी कुणालाही शंभरपैकी शंभर देऊन टाकत असे.

घरं मला माहीत, लिहिणं मला येतं, म्हणून वही माझ्याकडे आली. घरातल्या तीन पिढ्या कागदावर मांडायच्या. पुरुष असला तर चौकोन, बाई असली तर गोल. ज्याला वेड लागलं त्याचा चौकोन किंवा गोल शाईनं काळा भरायचा. शेवटी एका छापील इंग्रजी कागदावर अंगठा घ्यायचा. माहिती कुणाला दाखवली जाणार नाही, द्यायची नसेल तर देऊ नका, असं त्यात होतं म्हणे, आणि ते मी समजावून सांगायचं होतं. पहिल्या दोन घरी मी सगळं सांगितलं. तिसऱ्या घरापासून नुसतं 'इथं अंगठा लावा' म्हणू लागले. लोकांना वाटायचं, अंगठा दिला की औषध येईल. त्यांना तसं वाटतंय हे मला दिसत होतं, आणि औषध येणार नाही हेही ठाऊक होतं. मी गप्प राहिले, कारण गप्प राहिलं की घरं लवकर आटोपत.

एकदा जीपमध्ये डॉक्टरांनी सहज विचारलं, तुमच्या घरी कुणी आहे का असं? मी नाही म्हणाले. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं.

आमच्याच वस्तीत एका मुलीचंही जमलं होतं, दारव्ह्याला. मुलगी सातवी पास, हातानं शिवण करणारी. तिची आत्या वेडी होती. दोन लेकरं पाठोपाठ गेली तेव्हापासून ती भावाकडे, म्हणजे या मुलीच्या बापाकडे, येऊन राहिली होती. दिवसभर उंबऱ्यावर बसून कापसातली सरकी काढायची, कुणाला त्रास नाही. मुलीच्या आईनं पहिल्याच बैठकीत पाहुण्यांना आत्याचं सांगून टाकलं. पाहुण्यांनीही समजून घेतलं. घरोघरी मातीच्या चुली, म्हणाले.

या घराचा कागद मी भरला तेव्हा आत्याचा गोल काळा केला, माहेरच्या नावानं. डॉक्टरांना मुलीच्या आईकडचीही माणसं हवी होती, म्हणून दोन महिन्यांनी आम्ही मुलीच्या मामाच्या गावी गेलो. ते त्या दिवशीचं सहावं घर. जीप रस्त्यावर भोंगा वाजवत होती. मामा शेतात होता, ओट्यावर त्याचा म्हातारा बाप. त्यानं सांगितलं, आमच्या घरची एक बाई वेडी आहे, आज इथं नाही. नाव सांगितलं. मी ते नाव मामाच्या बहिणींच्या रांगेत लिहिलं, गोल काळा केला, अंगठा घेतला आणि निघाले.

ती बाई त्या घरची लेक की सून, एवढं मी विचारलं नाही. आमच्यात साटंलोटं चालायचं. मामाची बहीण मुलीच्या बापाला दिली, तेव्हा बापाची बहीण मामाला केली होती. म्हणजे मुलीची मामी ती तिची आत्याच. लग्नात सासरी नाव बदललेलं. माझ्या आईला दोन नावं, मावशीला दोन, दाईच्या हातून सुटून माझ्या हातात आलेल्या अर्ध्या बायांना दोन नावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण मला सुचलं नाही. एकाच बाईला मी दोनदा वेडं केलं, एकदा बापाकडून, एकदा आईकडून. मधे त्या मुलीचा पांढरा गोल.

वही दवाखान्याच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली खिळ्याला. नवऱ्या मुलाचा चुलता डोळ्यात टाकायचं औषध घ्यायला आला होता. कंपाउंडर भला माणूस, पण वहीचा त्याला माझ्याहून जास्त अभिमान. सोयरिकीचं ऐकून त्यानं मोठ्या हौसेनं त्या मुलीच्या घरचं पान उघडून दाखवलं.

लग्न मोडलं. वेडापायी मोडलं असतं तर मी समजू शकले असते. ते मोडलं खोटेपणापायी. एक सांगितली आणि एक लपवली, असं दारव्ह्याहून कळवण्यात आलं. ज्या बाईनं पहिल्याच बैठकीत खरं सांगितलं होतं, तिच्यावर हा ठपका.

चूक लक्षात आल्यावर मी डॉक्टरांना पत्र टाकलं. वही तोवर त्यांच्याकडे गेली होती. उत्तर लगेच आलं. आकृती दुरुस्त केली, आभार. मात्र मुलाकडच्यांना आपण काही कळवू शकत नाही, कारण ही माहिती गुप्त आहे. ते पत्र वाचून मला हसूही आलं नाही, इतकी मी थकले होते. मग मीच दारव्ह्याला गेले. मुलाच्या बापाला ओसरीवर बसून सगळं उलगडून सांगितलं, एकच बाई, दोन नावं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तवा तुमीच लिवलं, आता तुमीच पुसून राह्यल्या," तो म्हणाला. "आमी कोनतं खरं समजाव?"

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आम्ही पत्रिका आणि मुहूर्त गुंडाळून ठेवले, आणि त्याचा मला केवढा ताठा होता. पाच-सहा वर्षांत मी स्वतःच दुसरी पत्रिका लिहून दिली, तीही चुकीची. परत येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, नाही.

मुलीला लग्नात नेसायला आणलेलं पांढरं लुगडं पेटीत पडून होतं. एक दिवस ते आत्याच काढून नेसली आणि उंबऱ्यावर बसली. कुणी तिला ते सोडायला लावलं नाही.

त्यानंतर मुलीची आई दवाखान्यात आली. दुपार होती, मी सुया उकळत होते. ती भांडायला आली असं धरून मी मनाची तयारी केली. तिनं विचारलं, दिलेला अंगठा परत घेता येतो का. वही गेली, मी म्हणाले. मग ती म्हणाली, "नर्सबाई, तुमच्या काकाले राजूरच्या खाणीतून आनलं, तवापासून ते मांगच्या खोलीत हायेत. त्यायचं नाव हाये का त्या वहीत?"

वस्तीत सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

नाही, मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "बरं केलं," ती म्हणाली. "तुमच्या बहिनीचं तरी झालं."

त्यात टोमणा नव्हता. मी कितीतरी वर्षं शोधला, तो नव्हताच.