साडेतीन कोटी अंकांची संख्या

मुदखेड जंक्शनच्या पलीकडे, रेल्वेची वसाहत संपते तिथे किशनराव सोनसळे यांचं दोन खोल्यांचं घर आहे. किशनराव रेल्वेत कीमॅन होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतल्या रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, कुठं तडा दिसतो का बघायचं आणि परत फिरायचं. सगळी उमर त्यांनी तेच केलं. त्यांची मुलगी पंचशीला गावातल्याच ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. तिचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली आणि फिसकटली, मग आईचं दुखणं निघालं, आई गेली, आणि पुढं तो विषय घरात कुणी काढला नाही.

नांदेडला एम.एस्सी. करताना तिला मूळ संख्यांचा नाद लागला. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच जिला भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढं सहावीतल्या पोरालाही येतं. पंचशीला अडकली ती वेगळ्याच प्रश्नात. या संख्या पसरल्यात कशा? शंभराच्या आत त्या पंचवीस. हजाराला भिडताना शेवटच्या शंभरात चौदा. दहा लाखांच्या पुढच्या शंभरात फक्त सहा. जावं तसं विरळ, पण संपत कधीच नाहीत. आणि विरळ होतात त्यालाही धड शिस्त नाही. दहा लाख तीननंतर एकोणतीस संख्या कोरड्या जातात. थोडं पुढं गेलं की दहा लाख सदतीस आणि दहा लाख एकोणचाळीस अगदी शेजारी, मधे एकच संख्या. अशांना जोडमूळ म्हणतात. या जोड्या तरी कुठं संपतात का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

यावरच पीएच.डी. करायचं तिच्या मनात होतं. मार्गदर्शक सर दुसऱ्या विद्यापीठात गेले, घरी आई अंथरुणाला खिळलेली, नोकरीचा कॉल आला. राहून गेलं. स्टाफरूममध्ये बदल्यांचं, पेपर तपासणीचं, पोरांच्या लग्नांचं बोलणं चाले. सुरुवातीला एक-दोनदा तिनं जोडमूळ संख्यांचा विषय काढून बघितला. लोकांनी चांगुलपणानं ऐकून घेतलं आणि मग चहा आला. नंतर तिनं काढला नाही.

लातूरला तिचा धाकटा भाऊ अश्वजित कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. क्लासनं जुने संगणक काढले तेव्हा त्यानं एक ताईसाठी आणला. पंचशीलानं त्यावर एक प्रोग्राम घातला. जगभरातले हौशी लोक मिळून फार मोठ्या मूळ संख्या शोधतात, त्यातला. दोनाला दोनानं कोट्यवधी वेळा गुणायचं, आलेल्या संख्येतून एक वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का ते तपासायचं. अशा मूळ संख्या अख्ख्या जगाला आजपर्यंत जेमतेम बावन्न सापडल्यात. पंचशीलाच्या वाट्याला आलेली संख्या लिहायला घेतली तर साडेतीन कोटी अंक झाले असते. जुन्या संगणकाला ती तपासायला अडीच-तीन महिने लागणार होते. वीज गेली की काम थांबे, आली की सोडलं तिथून पुढं चाले.

किशनराव तेव्हा ऐंशीला टेकले होते. सकाळी तोंड धुऊन, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून झाली की ते संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत.

"निघाला का गं तुझा आकडा?"

"नाही बाबा. वेळ आहे त्याला."

"आन् निघंल का?"

"बहुतेक नाहीच निघणार. लाखांत एखादा निघाला तर."

"मग कशापायी मशीन पळवून राहिलीस?"

 तिनं तोंड उघडायच्या आत किशनरावांनीच सांगितलं, "म्या रोज पटरीवरून चालत होतो. तडा घावला असं लई कमी झालं. रोज येऊन सांगायचं, सगळं ठीक हाय. त्याचाच पगार होता. कुणीतरी बघून आलं पायजे ना."

पंचशीला हसली. कॉलेजात, विद्यापीठात, कुठंच तिला हे असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बाबांना काम किती टक्के झालं ते सांगू लागली. अर्ध्याच्या पुढं गेलं तेव्हा त्यांनी तिला शिरा करायला लावला.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप भरला. न्यूमोनिया झाला. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, अश्वजित लातूरहून आला, पण वयापुढं इलाज चालला नाही, किशनराव गेले. घरात वीज आली-गेली, कुणाचं लक्ष नव्हतं. संगणक आपलं काम करत राहिला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रेल्वेतले जुने लोक आले. त्यांतले मलप्पा, किशनरावांबरोबर रुळाच्या गँगमध्ये काम केलेले, जाताना पंचशीलापाशी थांबले.

"किशन रोज च्याच्या टपरीवर सांगायचा. माझी पोरगी लई मोठा आकडा हुडकून राहिलीय म्हणायचा. आम्हाला काय समजतंय? पण आम्ही पण इचारायचो, कुठवर आला."

पंचशीलाला हे ठाऊक नव्हतं. तिनं मान हलवली आणि आत जाऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. ती दुपारी कॉलेजातून आली तेव्हा पडद्यावर एक ओळ होती: संख्या मूळ नाही. खाली प्रोग्रामनं दुसरी संख्या घेऊन कामाला सुरुवातही केली होती. ती खुर्चीवर बसली. हे असंच होणार हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी सांगायला घरात कुणी नव्हतं, हे तिला तेव्हा नीट कळलं. तिनं संगणक बंद केला आणि वर टॉवेल टाकला.

अश्वजित मागं लागला. "ताई, एकटी तिथं काय करतीस? रजा टाक. इकडं ये. जमलं तर इथंच क्लास बघू."

ती लातूरला गेली. भावाच्या घरी जेवायला चार माणसं असत, पण बोलणं मार्कांचं आणि बॅचचं. त्याची मुलगी लुंबिनी बारावीला होती, पहाटेपासून अभ्यासाला बसे. एकदा पंचशीला तिच्याशेजारी बसली आणि तिला दहा लाखांपुढच्या त्या जोडीबद्दल सांगितलं.

लुंबिनीनं पेन खाली ठेवून ऐकलं. "म्हणजे हे खरंच कुणाला माहीत नाही?"

"नाही."

"भारी आहे, आत्या." तिनं घड्याळाकडं बघितलं. "पण उद्या माझी टेस्ट आहे गं. नंतर सांगशील?"

"सांगते की," पंचशीला म्हणाली. टेस्टमागून टेस्ट येत गेल्या. पोरीचं काही चुकत नव्हतं. रजा संपायच्या आत एका सकाळी तिनं बॅग भरली.

"कुणी काय बोललं का?" अश्वजितनं विचारलं.

"नाही रे. सगळ्यांनी चांगलं केलं. पण मुदखेडला निदान मी का एकटी आहे ते मला समजतं."

 त्यानं तिला स्टँडवर सोडलं आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

मुदखेडला घर उघडल्यावर कोंदट वास आला. तिनं खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, एकटीपुरता भात टाकला. मग संगणकावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला आणि बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, थांबलेली संख्या सोडली होती तिथून पुढं निघाली. भात शिजेपर्यंत पंचशीला तिथंच बसून आकडे सरकताना बघत राहिली. मग उठून ताट वाढून घेतलं.