औषध लागलं!

शमीम आपा इंजेक्शन देताना पेशंटला ठरलेला प्रश्न विचारायच्या, "आज घरी भाजी कायची होती?" बाया लगेच सांगायच्या, म्हणून त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न तयार असायचा, "कोनं केली?" पुरुष मात्र अडकायचे. छताकडे बघत आठवायला लागायचे आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही यायची. "मानसायले सकायची भाजी ध्यानात राहत नाही बाप्पा," कापूस दाबत आपा म्हणायच्या, "म्हनून त्यायले सुई दुखत नाही."

अंजनगाव सुर्जीतल्या एका खासगी दवाखान्यात त्या डॉक्टरांच्या मदतनीस होत्या. ड्रेसिंग, सलाईन, बीपी, नातेवाइकांना झापणं, सगळं त्यांच्याकडे. शिक्षण उर्दू शाळेतून दहावी. बाकीचं काम बघून शिकलेलं. माझी आणि त्यांची ओळख झाली ती फवारणीच्या दिवसांत. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वारा पडलेला आणि गावागावांतून कीटकनाशक फवारणारे मजूर बेशुद्ध होऊन दवाखान्यात येत होते. आम्ही काही पोरंपोरी मजुरांच्या बाजूनं पत्रकं वाटत फिरत होतो. 'हातमोजे कुठे आहेत? तोंडाला बांधायला काय दिलं?' असं विचारणारी ती पत्रकं मीच लिहायची. उत्तर द्यायला कुणी येत नसे.

अशात एक दिवस डॉक्टरांनी आपांना सांगितलं, आता नियम कडक झालेत, दवाखान्यात पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे सहायकाचं प्रमाणपत्र पाहिजे. थोडं प्रशिक्षण, मग अकोल्याला परीक्षा. पास झालात तर ठीक, नाही तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही.

माझं डोकं फिरलं. मजुराला मोजे दिले का हे तपासायला एक माणूस फिरकत नाही आणि त्या मजुराला उचलून खाटेवर टाकणाऱ्या बाईकडे मात्र कागद मागता? आपांचे प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं, 'अनुभवाची परीक्षा घेणारे तुम्ही कोण?' आणि आपांना वाचून दाखवलं. वाटलं, खूश होतील.

"हे वाटू नको, बेटा," त्या म्हणाल्या.

"का?"

"काहून म्हंजे? मी अनुभवी नाही. मी सवयीची हाये." मग हळूच म्हणाल्या, "फवारनीचा पेशंट कापत कापत येते. मी त्याले त्याच कपड्यांवर घोंगडी पांघरवत होती. थंडी वाजते बिचाऱ्याले, म्हनून. परवा वर्गात सांगतलं, कपड्यातलं विष कातडीतून आत जाते. आधी कपडे काढा, साबनानं धुवा. म्हंजे मी घोंगडीखाली विष कोंडून राह्यली होती. डाक्टर सलाईनच्या धावपळीत, त्यायचं बी ध्यान नाही गेलं. कोनं मले विचारलंच नाही कधी. आता विचारतात, त विचारू दे."

मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. राग गेला नाही, पण आता तो इतकी वर्षं आपांना काही न शिकवणाऱ्यांवर होता.

पेपर उर्दूत, हिंदीत किंवा मराठीत देता येत होता. आपांनी मराठी घेतली. मी म्हटलं, उर्दू सोपी जाईल. "पेशंट कोनत्या भाषेत कन्हते? मंग पेपर बी त्याच भाषेत." लेखी कसाबसा निघाला. प्रात्यक्षिक झकास झालं. तोंडी परीक्षा तेवढी उरली. अकोल्याच्या त्या केंद्रात खोलीचं दार उघडंच होतं आणि मी बाहेर बाकावर. परीक्षक बाई पुण्याकडच्या, बोलणं अगदी पुस्तकातलं.

त्यांनी विचारलं, "औषध लागू पडलं, हे तुम्ही कसं ओळखाल?"

आपा धडाधड सुरू झाल्या. "डोयाच्या बाहुल्या टाचनीच्या टोकावानी होतात. तोंडातून लाय गयते, घामानं वल्लंगच्च होते, आंग फडफडते. मंग सुद जाते."

बाईंचं पेन थांबलं. 

"अहो, काय सांगताय? पेशंट बरा होतोय की मरतोय?"

"आता औषध लागलं म्हनल्यावर मरनच ना म्याडम!"

मी उठलेच. वऱ्हाडात फवारणीच्या विषालाच औषध म्हणतात आणि ते अंगात भिनलं की 'लागलं' म्हणतात, हे ठाऊक नसेल तर इथे परीक्षा घ्यायला येता कशाला, असं मोठ्यानं विचारायचं ठरवून मी दारात पोचले. आपांनी मागे न बघताच तळहात दाखवला. थांब. आणि मग त्या स्वतःच हसायला लागल्या.

"लागू पडलं! अल्ला! मी 'लागलं' आयकलं. म्याडम, आमच्याकडे पऱ्हाटीवर, कपाशीवर मारतात ते औषध. मानसाले देतात ती गोयी."

परीक्षक बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बरं. मग तुमचा हा पेशंट आला, तर पहिलं काय कराल?"

"डाक्टरले आवाज देतो. हातात मोजे घालतो. त्याचे कपडे उतरवून आंग धुतो. घोंगडी त्याच्यानंतर."

"आणि माझ्या पेशंटचं?"

"तुमच्यावाल्याचा ताप मोजतो, नाडी पाहतो, लिहून ठेवतो. 'बरं वाटते' म्हने तर इश्वास नाही ठेवत. घरी जायाची घाई रायते त्याले."

आता बाई हसल्या. पण निकाल काही सांगितला नाही.

निकाल लागेपर्यंत आपांनी त्या परीक्षेबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "सलाईन संपली का पाह्य, मंग बोलू." आणि एका सकाळी, दवाखाना पेशंटनी भरलेला असताना, डॉक्टर फोन हातात धरून बाहेर आले. "आपा, पास झालात."

 आपांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या पेशंटच्या बाकावर बसल्या. त्या दवाखान्यात त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेजारची एक म्हातारी घाबरली.

"काय झालं वो बाई? नापास झाल्या काय?"

"नाही माय, पास झाली. जराशी बसतो."

म्हातारी कण्हत सरकली. बाकावर आणखी जागा करून दिली. "मंग बसा निवांत," ती म्हणाली, "आमाले काही घाई नाही."