सोजरबाईंच्या गोळ्या

ऐन वैशाखात ती बाई घोंगडी पांघरून दवाखान्यात आली. परतूरला डॉक्टर म्हणून माझी नुकतीच पोस्टिंग झाली होती. सोबत आलेल्या मुलानं तिचं वय बेचाळीस सांगितलं. मला ती साठीची वाटली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भुवया विरळ.

आष्टीच्या सोजरबाई. सहा वर्षांपासून त्यांना काम उरकत नव्हतं. घरच्यांनी आधी आळशी म्हटलं, नंतर म्हातारपण आलं म्हणून सोडून दिलं.

"साहेब, म्या कामचुकार न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "अंगच उठत न्हाई."

मी टाचेमागच्या शिरेवर तपासायची रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला फार वेळ लागला. नाडी मंद. ब्लड टेस्टची सोय नव्हती, तरी मला शंका उरली नाही. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिच्या रसामुळं शरीरातली प्रत्येक पेशी अन्न जाळून ताकद तयार करते. रस आटला की सगळंच मंदावतं, माणूस अकाली थकतो. हा आजार आहे, एवढं सांगितल्यावर बाई रडायला लागल्या.

हैदराबादहून गोळ्या मागवल्या. रोज पाव गोळी, जास्त नाही, असं बजावलं. पावसात रस्ता बंद होईल म्हणून अख्खी बाटलीच दिली.

महिन्यानं त्या घोंगडीशिवाय आल्या. पुन्हा दळायला बसत होत्या.

"पहिल्यावानी कवा होईन?"

"वर्ष लागेल."



पंधरा दिवसांनी मुलगा एकटाच आला. आई जात्यावर बसल्ती, छातीत कळ आली अन् तिथंच गेली, म्हणाला. तिनं आधी एक, मग दोन-दोन गोळ्या घेतल्या होत्या, हे त्याला बायकोकडून नंतर कळलं.

"म्हणायची, पावानं एवढं बरं वाटून राह्यलं, तर अख्खीनं जल्दी होईल."

या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब होतात. शरीराचा वेग एकदम वाढला तर हृदयाला झेपत नाही. हे मला माहीत होतं. त्यांना फक्त 'जास्त नको' सांगितलं होतं. का नको, ते नाही.

माझा रिपोर्ट वाचून वरिष्ठांनी विचारलं, "अख्खी बाटली का दिली?"

"रस्ता बंद झाला असता, सर."

"झाला का?"

"नाही. पाऊस लांबला."

त्यानंतर मी कुणालाच पंधरवड्यापेक्षा जास्त गोळ्या दिल्या नाहीत. लांबून येणाऱ्यांना ते परवडायचं नाही. काही जण परत आलेच नाहीत. त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.