डोकरीचा आवाज कोणाचा

हे मी आजवर कोणाच्याच कानावर जाऊ देल्लं नाही. भावाच्या नाही, मायच्या नाही, अन् माझं कॉमिक वाचणाऱ्यांच्या तर नाहीच नाही. तुले काहून सांगून राहिलो? मले बी माहीत नाही. बहुतेक तू मधात मधात बोलत नाही म्हणून.

मी अड्याळचा. सकाळी भावाच्या कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यायवर बसतो अन् उरलेल्या वेळात कॉमिक काढतो — मोबाइलवर, बोटानं. नवा व्हिडिओ गेम आला की खेळायचा, चार चौकटीत त्याची हजामत करायची अन् इंटरनेटवर टाकून द्यायची. नवीन गेमांबद्दल माझं मत विचारशील त — सगळे एका साच्यातले होऊन राहिले. नकाशा इतका मोठा की चालता चालता हिरोची चप्पल झिजावी, अन् तिथं जाऊन करायचं काय? डब्बे उघडायचे. गेम अर्धाकच्चा विकतात, मंग दर आठवड्याले त्याले ठिगळ लावतात. अन् आमच्या गावच्या नेटवर्कवर ते ठिगळ उतरेपर्यंत दुसरं ठिगळ तयार.

आता पाहा, हे असं मले बोलता येते. पण असं तर सगळेच बोलतात. यावर कोणी हसत नाही. लोकं हसतात डोकरीवर.

डोकरी म्हणजे माझ्या कॉमिकमधली म्हातारी. नऊवारी लुगडं, तोंडात एकच दात, हातात खराटा. नातू गेम खेळते अन् ही मागं उभी राहून बोलते. बस, एवढंच कॉमिक. पुण्या-मुंबईचे पोरं मले लिहितात — भाऊ, हे तुला सुचतं कसं? मी लिहितो — बसल्या बसल्या.

बसल्या बसल्या. हो. बसलेलो असतो हे खरं आहे.

मी लहानपणापासून नकल्या. शाळेत गणिताच्या सरांची अशी नक्कल करत होतो की सर स्वतः दाराआड थांबून पुरी ऐकत, अन् मंग आत येऊन कान पिळत. एसटीचा कंडक्टर, लग्नात भोंग्यावरून पंगतीले बोलावणारा काका, डासाची अगरबत्ती विकणारा — कोणाचाबी आवाज मागून घे. पण नकला करणाऱ्याची एक गोची असते, ते कोणी सांगत नाही. त्याले स्वतःचं काही सुचत नाही. समोर माणूस लागते.

माझ्या समोर — म्हणजे मागं — वहिनी होती.

वहिनी कोंढ्याची. लग्न होऊन आली तेव्हा दोन महिने मान खाली घालून फिरली. घरात एक मीच रिकामा, अन् दुपारी एक माझाच पडदा चालू. एक दिवस लसूण सोलायले घेऊन माझ्या खुर्चीमागं बसली. मी एका किल्ल्यात लपून चाललो होतो, पहारेकऱ्याच्या पाठीमागून, हातात सुरी. मागून आवाज आला, एकदम बारीक —

"भाऊजी, त्याले काहून मारता? सकाळपासून उभा आहे थो. त्याले कोनी पानी तरी देल्लं का?"

माझा हात थांबला. पहारेकरी वळला अन् त्यानंच मले मारलं. वहिनी म्हणाली, "बरं झालं." अन् लसूण सोलत राहिली.

काय सांगू तुले, मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. त्या दिवसापासून तिच्याशिवाय गेम लावायले मजाच येत नव्हती. जादूच्या गेममधी हिरो कोणाच्याबी घरात घुसून मडके उघडते, औषधं घेते — त वहिनी म्हणे, "मालकीन घरी नाही अन् हा मडके धुंडून राहिला. याच्या मायनं याले काही शिकवलं नाही का?" घोड्याच्या गेममधी मी घोडा सोडून डोंगर चढलो, त ती डोंगराकडं पाहेच ना. "पहिले घोडं बांधा. कोनाच्या धानाच्या बांधीत घुसलं म्हंजे भांडन कोनाशी होते?"

अन् शेतीचा गेम आला होता. गोडगोड चित्रं, फुलपाखरं. धान पेरलं, झारीनं पाणी टाकलं, सकाळी कापलं. वहिनी जवळ सरकली. तिनं पूर्ण स्क्रीन शोधली. "रोवना केव्हा झाला? बांधीत चिखल नाही, रोपं लावाले बाया नाही, कोनाची कंबर दुखत नाही — अन् धान आलं?" मंग हळूच म्हणते, "माह्या बाबाले दाखवा हा गेम. थे रडन."

हे मी जसंच्या तसं काढलं. एक शब्द बदलला नाही. फक्त वहिनीच्या जागी डोकरी उभी केली. काहून? कोणाले ओळखू येऊ नये म्हणून. जवान बाई काढली असती त गावात कोणीबी विचारलं असतं, हे कोण आहे बे? डोकरी कोणाचीच नसते. ते कॉमिक लय चाललं. मंग मी कॉमिकचे व्हिडिओ करून त्यात आवाज बी टाकायले लागलो — तोच बारीक, नाकातला, शेवटचा शब्द लांबवणारा. पहारेकऱ्याच्या पाण्याचं वाक्य त आमच्या बाजारात पोरं एकमेकायले म्हणून राहिले होते. मले तारीफ पचली. मले वाटायले लागलं का खरंच हे माझ्याच डोक्यातून निघते.

तिले सांगावं असं मनात आलं नाही का? आलं. रोज आलं. पण सांगितलं असतं त मंग मी काय उरलो असतो — बोटानं रेघोट्या ओढणारा, एवढाच ना?

आता खरी गोष्ट.

कोंढ्याहून तिच्या बहिणीचा फोन आला. तिच्या पोरानं डोकरीचा व्हिडिओ लावला अन् ती चुलीपासून उठून आली म्हणे — माही बहीण कोणाशी बोलून राहिली? वहिनी फोन ठेवून माझ्याकडं आली. मी चहा घेऊन राहिलो होतो. हात पदराले पुसत पुसत, हसत होती. रागावली नव्हती बरं. मी ते हसू नीट पाह्यलं. तिले पाहिजे होतं ते.

"भाऊजी, थे डोकरी — मी आहो का?"

हो म्हणायले किती वेळ लागते? तिनं आख्ख्या कोंढ्याले सांगतलं असतं. पेढे वाटले असते. पण माझ्या डोळ्यासमोर ते सारे लिहिणारे आले, भाऊ तुला सुचतं कसं वाले. अन् माझं तोंड हुशार ना, पटकन चालते. मी म्हटलं, "तू कुठं वहिनी. ते त अडाणी डोकरी आहे."

वरून मले वाटलं, मी तिची तारीफच केली.

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राह्यलं. मंग "असं का" म्हणाली, अन् माझा चहा संपला नव्हता तरी कप घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आली, बसली. मी एक लढाईचा गेम लावला. एका पडक्या घरात एक सैनिक जखमी होऊन पडलेला, कोणी विचारत नाही. मी मुद्दाम तिथं थांबलो. वाट पाहून राहिलो. वहिनी म्हणाली, "चित्र छान आहेत, भाऊजी. मला आवडलं."

मला.

आमच्या घरात 'मला' कोणी म्हणत नाही. मास्तर म्हणतात, टीव्हीवरची बाई म्हणते. तिनं ते शिकून घेतलं होतं, माझ्यासमोर बोलायसाठी. मायशी बोलते त 'मले'च म्हणते. भावाशी भांडते त काय एकेक शब्द काढते, आंगणापर्यंत ऐकू येते. फक्त माझ्या खुर्चीमागं आली की शुद्ध होते. 'पानी'चं 'पाणी' करताना मधात थोडी अडखळते.

मी म्हणू शकत होतो — वहिनी, असं नोको बोलू. तेव्हा म्हणू शकत होतो, काल म्हणू शकत होतो, आज दुपारी बी. नाही म्हटलं. ते म्हणायचं त पहिले दुसरं म्हणावं लागते ना — डोकरी तूच आहे, हे.

ती येणं बंद करत नाही, हे आणखी. मी एकटा बसलेला तिले पाहवत नाही म्हणे. कधी मुरमुरे, कधी उकडलेले शिंगाडे आणते, सोलून देते. माझ्यावर तिचा जीव आहे. म्हणूनच त ती माझ्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून इतकी मेहनत करते. समजलं का तुले मी काय केलं?

या आठवड्यात नवा गेम आला, जहाजाचा. वादळात एक नावाडी एकटाच वल्हं मारून राहिला, अन् आपण त्याले नुसते हुकूम देतो. वहिनीनं तोंड उघडलं. काहीतरी ओठापर्यंत आलं होतं, मी पडद्याच्या काचेत पाह्यलं. मंग तिनं मिटून घेतलं. "पाणी खरं वाटतं," म्हणाली, अन् वाळत घातलेले कपडे काढायले गेली.

ती काय म्हणणार होती, ते मी अंदाजानं लिहिलं. डोकरीच्या तोंडात टाकलं, आवाज काढला — हुबेहूब, शेवटचा शब्द लांबवून — अन् सोडून देल्लं. खाली एका पोरानं लिहिलं, "आज डोकरी नाही बोलली, आज तूच बोलला."

त्यानं बरोबर ओळखलं. तेवढं एक माझं होतं. बाकी सगळं तिचं.