फक्कीची रेघ

"मागे सरा" हे दोन शब्द काकांनी जन्मात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा त्यांनी स्वतःच्या बायकोला हाकही मारली नसेल. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसपाशी कोणी जास्त वाकला की "मागे सरा". कँटीनच्या रांगेत ढकलाढकली झाली की "मागे सरा". एकदा देवळात आरतीला गर्दी झाली, तर तिथेही त्यांनी लोकांना मागे सारलं आणि निरांजनाच्या फार जवळ उभा आहे म्हणून पुजाऱ्यालाही सोडलं नाही. त्यांचं खरं आडनाव पगाराच्या पाकिटावर असायचं. बाकी सगळ्या कंपनीत ते मागेसरकर होते. तोंडावर मात्र काका.

मी त्याच कंपनीत टेलिफोन बोर्डावर होते. नगरहून भावाच्या पाठोपाठ पिंपरीला आले, नोकरीला लागले आणि आवाज खणखणीत म्हणून कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमात माईक माझ्याच हातात येऊ लागला. काका सेफ्टी खात्यात होते. सेफ्टीचा माणूस कोणालाच आवडत नाही. पीसरेटवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, काम करणाऱ्याला तो खोळंबा वाटतो आणि साहेबाला खर्च वाटतो. काकांना याची पूर्ण कल्पना होती आणि त्यांनी ते मनाला लावून घेणं कधीच सोडून दिलं होतं. उन्हाळ्यात एक कामगार कुरकुरला, "काका, ह्या हातमोज्यात हात शिजतो राव." काका म्हणाले, "शिजू दे. शिजलेला हात घरी नेता येतो." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते थकलेलेच दिसायचे, सकाळच्या शिफ्टलासुद्धा.

वर्षातून एक दिवस मात्र हा माणूस वेगळा दिसायचा. चीनच्या लढाईनंतर सगळीकडे विमानांचं कौतुक वाढलं होतं. त्या हवेत आमच्या कंपनीने पुण्याच्या एका फ्लाइंग क्लबला हाताशी धरलं आणि मोशीच्या अलीकडच्या माळावर दर हिवाळ्यात विमानांचे खेळ सुरू केले. दोन-तीन छोटी विमानं यायची. रोलर फिरवून माळाचा एक पट्टा सपाट केलेला असायचा, त्यावर ती उतरायची. आसपासच्या गावांतून लोक बैलगाड्या जोडून यायचे, देहूरोडचे फौजी कुटुंबासकट यायचे, भेळवाले आणि गंडेरीवाले यायचे. माळाची सगळी व्यवस्था काकांकडे होती, कारण तरुणपणी लोहगावच्या विमानतळावर विमानांच्या चाकांना ठोकळे लावायचं काम त्यांनी केलं होतं. कंपनीत विमानाच्या इतक्या जवळ गेलेला दुसरा कोणी नव्हता.

आदल्या दिवशी काका स्वतः फक्कीची रेघ मारायचे. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशीच, पण माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे काम ते कोणालाही देत नसत. पाटी कमरेवर घेऊन, वाकून, मुठीतून फक्की सोडत ते चालत जायचे आणि परत येताना तिच्याकडे बघत यायचे. दुसऱ्या दिवशी मी माईकवरून सांगायचं, "कृपया रेघेच्या मागे राहा," आणि काकांनी खालून ओरडायचं, "मागे सरा." लोक हसायचे, दोन पावलं मागे जायचे आणि तीन पावलं पुढे यायचे. मग मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गाऱ्हाणं घालायच्या, "बाबा, आमाला काय बी दिसंना." पुढच्या वर्षी ती रेघ थोडी पुढे सरकलेली असायची. ओरडण्यात हा माणूस जितका कडक होता, तितकाच रेघ मारताना मऊ होता.

खेळ साधेच होते. विमानातून पिठाच्या पुरचुंड्या टाकायच्या आणि खाली आखलेल्या रिंगणात कोणाची पडते ते बघायचं. मारुतीच्या देवळावर झेंडूची फुलं टाकायची. एक पायलट विमान उलटं करायचा तेव्हा बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या आणि पदराआडून बघायच्या. पण लोक खरे थांबायचे ते शेवटच्या चिठ्ठीसाठी. कामगारांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून त्यातून काही काढायच्या आणि ज्याची निघेल त्याने घरचं एक माणूस बरोबर घेऊन विमानातून चक्कर मारून यायची. साहेबलोकांच्या चिठ्ठ्या डब्यात घालायच्या नाहीत, ही अट काकांचीच. कोणाची आई नऊवारीचा काष्टा घट्ट करून बसायची, कोणी बायकोला ढकलून पुढे करायचा.  उतरल्यावर मी माईक त्यांच्या तोंडापुढे धरायचे आणि त्यातून नुसता श्वास ऐकू यायचा.

काकांची स्वतःची चिठ्ठी त्या डब्यात कधीच नसायची. काकू दरवर्षी जेवणाचा डबा घेऊन माळावर यायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, "औंदा तरी आपली चिठ्ठी टाका की." चाकणकडच्या शेतकरी घरातली ही बाई, बोलायला मोकळी. काका म्हणायचे, "आधी लोकांची माणसं. आपण काय, घरचेच." काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस? आमी घरचे, म्हनून आमी घरीच." मग त्या भाकरी-ठेचा वाढायच्या आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. मला काकूंची फार दया यायची. इतकी हौस असलेली बाई, आणि नवरा असा मुलखाचा हट्टी.

विमानातून खाली काय दिसतं असं कोणी काकांना विचारलं, की ते म्हणायचे, "जो बसला त्याला विचारा, मला रेघ बघायची आहे." आम्हाला वाटायचं, जुना माणूस आहे, विमानात बसून बसून कंटाळला असेल.

मग तो दिवस उजाडला. एक विमान चक्कर संपवून उतरलं आणि धावता धावता त्याचं एक चाक खळग्यात गेलं. विमान वळलं ते थेट लोकांकडे. लोक रेघेच्या पुढे आलेले होतेच. काका हात पसरून धावले आणि असे ओरडले की मला माईकची लाज वाटली. पंखाचं टोक गंडेरीवाल्याच्या गाडीला लागलं, गाडी उलटली, आणि पळताना एका पोरीचा हात मोडला. विमान थांबलं. धुरळा खाली बसला तेव्हा काका गुडघ्यांवर बसून चाकाचा माग बघत होते. जिथे चाक थांबलं होतं, तिथे कोणाची तरी चप्पल पडलेली होती.

बाकी सगळ्यांच्या मते प्रकरण मिटलं होतं. पोरीचा हात जुळेल, गाडीची भरपाई कंपनी देईल. चौकशीला सरकारी अधिकारी आले तेव्हा आमच्या वेल्फेअरच्या साहेबांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं, गर्दी रेघेच्या मागे होती एवढंच सांगायचं. मी तिथेच टेबलापाशी होते. काकांनी अधिकाऱ्यांपुढे खुर्चीतसुद्धा न बसता सांगितलं, "गर्दी रेघेच्या पुढे होती. आणि मागे असती तरी पुरलं नसतं. रेघच जवळ मारलेली होती. मी मारली होती, लोकांना विमान नीट दिसावं म्हणून." साहेबांनी डोक्याला हात लावला.

पुढच्या वर्षीपासून खेळांना परवानगी मिळायची ती अटींसकट. पहिली अट, माळावरून कोणाही प्रवाशाला विमानात बसवायचं नाही. चिठ्ठ्यांचा डबा तिथेच संपला. मग आगीचा बंब आणि अँब्युलन्स दिवसभर उभी पाहिजे. मग लोकांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही, म्हणजे फुलं बंद आणि पीठही बंद. मग विमान अमुक उंचीच्या खाली आणायचं नाही. दरवर्षी रेघ मागे जायची आणि दरवर्षी काका ती तितक्याच निगुतीने मारायचे. नियम वाईट नव्हते, हेच खरं दुखणं होतं. वाईट असते तर भांडता आलं असतं. ती चप्पल मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, मी काय बोलणार?

कंपनीतले लोक मात्र बोलले. "मागेसरकरांनी सगळ्या खेळावर पाणी ओतलं," असं काका ऐकतील इतक्या मोठ्याने कँटीनमध्ये म्हटलं जायचं. ज्यांच्या आया विमानात बसून आल्या होत्या तेही म्हणायचे. काका ताट घेऊन कोपऱ्यात बसायचे. एकदा मी चिडून त्यांना म्हटलं, "काका, एवढं खरं बोलायची गरज होती का? थोडं मोघम बोलला असतात तर काकूंची एक चक्कर तरी झाली असती." त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "झाली असती. मग?" आणि ते परत जेवू लागले.

माळाभोवती तोवर कारखाने उठत होते, पत्र्याच्या शेड आणि चाळी माळाच्या कडेला येऊन भिडल्या होत्या. क्लबने कळवलं की पुढच्या वर्षी परवानगीच मिळणार नाही, हा खेळ शेवटचा. त्या सकाळी मी लाउडस्पीकरच्या सामानाबरोबर कंपनीच्या जीपमधून लवकर पोचले. माळावर गर्दी नव्हती. एकच विमान येऊन उभं होतं, काका आणि काकू होते, आणि क्लबचा एक तरुण पायलट होता. त्याला काकूंची इतक्या वर्षांची हौस कोणाकडून तरी कळली होती. तो म्हणाला, "काका, अजून बंब आलेला नाही, साहेब आलेले नाहीत. दोघंही बसा. एक चक्कर मारतो आणि उतरवतो. कोण बघतंय?"

 काकांचा हात विमानाच्या अर्धवट उघड्या दारावर होता. तो त्यांनी काढलाही नाही आणि दार पुढे उघडलंही नाही.  मी मनात म्हणत होते, बसा हो, एकदाचे बसा, इतकी वर्षं नियम पाळलेत. काकू पदर खोचून दाराशी आल्या, त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसल्या. "नगं बाबा," त्या पायलटला म्हणाल्या, "मला यश्टीत बी मळमळतं." आणि त्या माळ तुडवत चालत गेल्या, पार लांब, फक्कीच्या रेघेपलीकडे, आणि तिथे एकट्याच उभ्या राहिल्या. काकांनी दार लावलं. मला दोघांचाही राग आला.

त्या दिवशी खेळ झाला म्हणायचा. विमान इतकं उंच होतं आणि लोक इतके लांब होते की मी माईकवरून काय चाललंय ते सांगत होते आणि लोक माझ्याचकडे बघत होते. एक म्हातारा उठत म्हणाला, "हे तर माझ्या घराच्या पत्र्यावरनं बी दिसतंय की. इथवर कशापायी आलो?" दुपारच्या आतच भेळवाल्याने गाडी आवरली. मी सवयीने म्हटलं, "कृपया रेघेच्या मागे राहा." रेघेपाशी कोणीच नव्हतं. काका तेवढे होते, आणि ते मागे होते.

काका लवकरच निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. झोपेतच गेले. त्रास झाला नाही म्हणतात, लोक असंच म्हणतात. मी भेटायला गेले तेव्हा काकू ओट्याशी चहा टाकत होत्या. मनात खुपत होतं तेच मी बोलले. "काकू, त्या दिवशी तुम्ही बसायला हवं होतं. तुमची एवढी हौस होती."

"माजी कसली हौस?" काकू म्हणाल्या. "मला खरंच मळमळतं गं. चिठ्ठी निघाली की दोघांनी बसायचं, असं हुतं ना? मी बसले असते तर ह्यांना संगं बसावंच लागलं असतं. म्हनून मी मागं लागायची."

"पण काका तर लोहगावला..."

"लोहगावला चाकांना ठोकळे लावले त्यांनी. आत कोन बसवतंय? माळावर बी न्हाई. जल्मात एकदा बी न्हाई बसला तो मानूस."

चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला. मला ते उघडं दार दिसू लागलं आणि त्यावरचा हात. तो हात काकूंना अडवत होता, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही मागे का फिरलात?"

"त्यांचं त्वांड बघितलं ना मी. बसायचं लई मनात हुतं. पन बसले असते, तर त्या पोरीचा मोडलेला हात आठवून पुन्यांदा कदी झोपले नसते." काकूंनी चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. "सगळ्यांस्नी मागं सरा, मागं सरा म्हनत ऱ्हायले. एकदा तरी तुमी फुडं व्हा, असं कुनीतरी म्हनायला पायजे हुतं त्यांना. मीच म्हननार हुते. ऱ्हायलंच."