खडूचा मिक्सर

हळदीच्या दिवसांत हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, नुसतं उभं राहिलं तरी अंगावर पिवळी पूड बसते. घरी येऊन कितीही झटकली तरी कानामागे थोडी राहतेच. आमच्या वर्गाच्या किश्शांचंही तसंच आहे. ते कोणी गोळा केले नाहीत, आपसूक बसत गेले. कोणी विचारलं, ‘काय शिकलात तीन वर्षांत?’ की आम्ही उत्तर देत नाही, किस्सा सांगतो.

शिकलो ते संगीत. पण गाणं-वाजवणं नाही. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, लाइव्ह साउंड. म्युझिक इंडस्ट्रीत करिअर करायला आता पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, असं कॉलेजच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं. विद्यापीठाची रीतसर डिग्री! पहिल्या वर्षी बाक भरले होते. शेवटच्या वर्षी तिघं उरलो: जवळा बाजारचा गजानन, हिंगोलीचीच वंदना आणि आखाडा बाळापूरहून एसटीनं येणारी मी. शिकवायला एकटे जोगदंड सर, तेही तासिका तत्त्वावर.

*

वंदनाला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामांनी विचारलं, पोरगी काय शिकते. तिच्या वडिलांनी अभिमानानं सांगितलं, म्युझिकमध्ये डिग्री करून राहिली. मामा म्हणाले, मग होऊ द्या एखादं गाणं. वंदना म्हणाली, मी गात नाही, गाणाऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करते.

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मंजी सोताला येत न्हाई म्हून दुसऱ्याचं धरून ठेवती?”

वंदना म्हणते, इतकी नेमकी व्याख्या आमच्या सिलॅबसमध्येही नाही. ते स्थळ परत आलं नाही. पुढच्या पाहुण्यांना वडिलांनी ‘बी.ए. करते’ एवढंच सांगितलं.

*

कॉलेजात स्टुडिओ होता. खरंच होता. डेपोजवळच्या ऑम्लेटच्या गाड्यांवरून अंड्यांचे ट्रे मागून आणून आम्हीच भिंतींना चिकटवले होते. विद्यापीठाची कमिटी येऊन फोटो काढून गेली. मग परीक्षा विभागाच्या लक्षात आलं, की अख्ख्या कॉलेजात खिडकी नसलेली ही एकच खोली आहे. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे गेले, दाराला कुलूप लागलं आणि आवाज जुळवायचा आमचा मिक्सर गठ्ठ्यांच्या मागे राहिला.

सर किल्लीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मग एक दिवस वर्गात येऊन त्यांनी फळाभर मिक्सर काढला. प्रत्येक चॅनेलची उभी रेघ आणि रेघेवर फेडरचा चौकोन, म्हणजे आवाज वर-खाली करायची सरकपट्टी. सर मोबाइलवर गाणं लावायचे आणि सांगायचे, गजानन, ढोलकी खाली घे. गजा उठायचा, अंगठ्यानं चौकोन पुसायचा आणि बोटभर खाली नवा काढायचा. गाणं अर्थातच होतं तसंच वाजत राहायचं.

एकदा वंदना म्हणाली, “सर, आता बरं वाटतंय.” सर हसले नाहीत. त्यांनी प्रॅक्टिकलची हजेरी लावली.

मी प्राचार्यांकडे जाऊन भांडले. विद्यार्थ्यांची फसवणूक, ग्रामीण भागावर अन्याय, जे सुचलं ते सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, पण फळा दिलाय ना तुम्हाला?”

*

खरा मिक्सर आमच्यातल्या एकाच्याच हाताखाली होता. गजा लग्नसराईत डीजेच्या गाडीवर ऑपरेटर होता. कॉलेजात खडू आणि गाडीवर फेडर. शिकण्यासारखं जे होतं ते तो तिथेच शिकत होता. गाडीवर मिक्सरचं टेबल असं बसवलेलं, की स्पीकरची भिंत कायम त्याच्या डाव्या हाताला.

आमच्याकडे डीजे चांगला की वाईट हे कानानं ठरत नाही. वरातीत नवरदेवाचा कोणी चुलता स्पीकरसमोर येतो आणि छातीवर हात ठेवून उभा राहतो. छाती आतून हलली की डीजे पास. एका वरातीत असाच एक चुलता उभा होता. गजा आवाज वाढवत होता आणि चुलता मान हलवत होता, अजून न्हाई, अजून न्हाई. शेजारच्या घराच्या पत्र्यावर ठेवलेले दगड घरंगळून खाली आले, तेव्हा कुठे तो म्हणाला, “हां, आता बराबर.”

सरांनी गजाला कानात कापसाचे बोळे घालायला सांगितले. त्यानं घातले. गाडीच्या मालकानं पहिल्याच लग्नात काढायला लावले.

“ऑपरेटरनंच कानात बोळे घातले तर गिऱ्हाईक काय समजंल? आवाज खराब हाय म्हून?”

*

शेवटच्या वर्षी गजा अचानक वंदनाच्या डावीकडे बसायला लागला. तिथे मी बसलेली असले तर मला उठवायचा. चहाच्या टपरीवरही तेच. चालताना मध्येच मागून फिरून तो बाजू बदलायचा. मला दुसरं काय वाटणार? मी चिडवून चिडवून दोघांना हैराण केलं. वंदना संतापायची. गजा नुसता हसायचा. ‘तसं काही नाही’ असं तो एकदाही म्हणाला नाही.

मग सरांनी श्रवणाचा तास घेतला. लॅपटॉपवरून एक बारीक सूर, हळूहळू इतका चढत जाणारा, की शेवटी कोणाच्याच कानाला लागत नाही. डोळे मिटा, हात वर करा, सूर ऐकू येईनासा झाला की हात खाली घ्या. मला फार वेळ डोळे मिटून बसवत नाही. मी बघितलं, वंदनाचा हात खाली आला आणि लगेच मागोमाग गजाचा.

गजाचे डोळे उघडे होते. तो वंदनाच्या हाताकडे बघत होता.

*

त्याला कानाच्या डॉक्टरांकडे मीच ओढत नेलं. तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलेला, आणि गेलेलं परत येत नाही. उजव्याचेही अगदी बारीक सूर गेलेत, बाकी तो अजून चांगला आहे; डीजेची गाडी सोडली तर राहील. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, गाडीशिवाय आणखी काय करतोस?

“आवाजाचं शिकून राहिलो, साहेब.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर मी भडकले. मालक, वराती, छातीवर हात ठेवणारे चुलते, कॉलेज, सगळ्यांचा उद्धार केला. म्हणाले, सरांना सांगू, विद्यापीठाला सांगू, पेपरात देऊ. गजा माझ्यामागून फिरून माझ्या डावीकडे आला, कारण तेव्हा कुठे त्याला मी काय बोलतेय ते नीट ऐकू यायला लागलं.

“सांग की,” तो म्हणाला. “मंग मला कोन काम देईन? एका डोळ्याच्या ड्रायव्हरला कोनी गाडी देतं का?”

कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. त्यानं गाडी सोडली, म्हणजे खरा मिक्सरही सोडला. उरला खडूचा.

वंदनाला तेवढं मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाकाचं डावं टोक ती स्वतःच मोकळं ठेवायला लागली.

*

गॅदरिंगला कॉलेजनं डीजे आणला, नेमकी तीच गाडी. प्राचार्यांनी भाषणात ‘आपल्या संगीत विभागाच्या सौजन्यानं’ असं म्हटलं, आणि सर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले. गाडीवर नवा ऑपरेटर होता. भिंत त्याच्याही डाव्या हाताला. गजा दोन गाण्यांच्या मधे त्याच्यापाशी गेला आणि काहीतरी सांगून आला. मला वाटलं, हा आता त्याला सगळं सोडून पळ म्हणाला असेल. मी विचारलं, काय सांगितलंस?

“म्हनलं, दर गान्याला बाजू बदलून बसत जाय. निदान दोनी कान सारके जातील.”

*

शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि त्यांना हाताखाली एक माणूस हवा होता. सरांनी हे आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. सांगताना ते फक्त गजाकडे बघत होते.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे व्हरांड्यात निघाले आणि मिक्सिंगसाठी आम्हाला खोली परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळाली. गजानं गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करून आणलं होतं. समोरासमोर दोन रांगा. डावी रांग ओळ म्हणते, उजवी ती उचलते. त्यानं डावी रांग डाव्या स्पीकरला, उजवी उजव्याला देऊन घाईघाईनं मिक्सिंग केलं आणि परीक्षेत वाजवलं. डावी रांग अंगावर येत होती. उजवी शेजारच्या गावातून गात असल्यासारखी येत होती.

वंदनानं माझा हात घट्ट धरला.

परीक्षक म्हणाले, “उजवीकडच्यांना जेवण दिलं नव्हतं का?” मग हेडफोन त्याच्या हातात दिला. “कर नीट. मी बसलोय.”

गजानं हेडफोन घातला. थोडं ऐकलं. उजव्या रांगेचा फेडर अंगठ्यानं किंचित वर सरकवला, फळ्यावर पुसायचा तशाच अंगठ्यानं. मग हेडफोन काढला, फिरवला आणि उलटा घातला. डावीकडची वाटी उजव्या कानावर. भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सरांनी उठून पंखा बंद केला.

“उलटा घातलास,” परीक्षक म्हणाले. गजाला ऐकू गेलं नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा सांगितलं. गजानं उजव्या कानावरची वाटी जराशी बाजूला केली.

“न्हाई सर, बराबर हाय,” तो म्हणाला. “उजवी रांग ऐकून झाली. आता डावी ऐकून राहिलो.”