विलासनं गप्प केलेला इशारा

विलास गेल्याचा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा मी तो खरा धरला नाही. ग्रुपवरची बातमी पारखल्याशिवाय मानायची नाही, ही त्याचीच शिकवण. मी सरळ त्याच्याच नंबरवर फोन लावला. त्याच्या अक्कानं उचलला आणि नुसती रडत राहिली... तरीही मला पटलं नाही.

मूळ साक्रीचा हा माणूस जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात केळीबागांच्या ठिबकाचे प्रोग्राम लिहायचा. स्वभाव भलताच संशयी. बागेत गेला की मीटर काहीही दाखवो, आधी पाइपला तळहात लावणार. मी चिडवलं की म्हणायचा, "पडदावर दिखस ते बठ्ठं खरं नही ऱ्हास, भाऊ. हात लाईसन देख."

म्हणूनच, त्याचं काम आता जिच्याकडे आहे त्या नेहानं परवा जे दाखवलं त्यानं मी हादरलो. द्यायच्या राहिलेल्या पाण्याला धारेच्या वेगानं भागून पंप किती वेळ चालवायचा ते ठरतं. धारच थांबली तर भागाकार शून्यानं. कंपायलरचा सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राममधल्या धोक्याच्या जागा पकडणारा तपासनीस, अशा जागी इशारा देतो. विलासनं नेमका तिथेच तो बंद करून ठेवला होता.

"चूक झाकलीय त्यांनी, सर," नेहा म्हणाली. "उत्तर अनंत येईल आणि पंप चालतच राहील."

मला तिचा राग आला. पण संशय माझ्याही मनात शिरलाच. शेवटी शेवटी तो फार थकायचा... कंटाळून दडपलं असेल?

खरं काय ते पाहायला आम्ही असोद्याच्या एका बागेत गेलो. मोटार जळून केळी वाळतील या धास्तीनं बागवाले आबा कुरकुरले, "मोटर जयली त केयी वायतीन, भाऊ." तरी चालू पंपावर मी मेन वॉल्व्ह आवळला. मीटर पुरता शून्यावर येईना, शून्याजवळ थरथरत राहिला. आणि पंप थांबला.

नेहानं तिथेच लॅपटॉप उघडून पंप चालवणारा भाग वाचला. दशांश आकड्यांत शून्यानं भागलं तरी प्रोग्राम कोसळत नाही, उत्तर अनंत येतं. विलासनं ते येऊ दिलं होतं आणि पुढे अडवलं होतं. उत्तर अनंत असो की न पटण्याइतकं मोठं, पंप बंद. नुसतं शून्य तपासलं असतं, तर हा थरथरणारा आकडा निसटला असता. सॅनिटायझरपेक्षा विलास जास्त संशयी निघाला.

पडद्यावर 'पंप बंद' दिसत होतं. नेहा निघाली. मी मात्र वाकून पाइपला तळहात लावला. पाइप गार होता, आत काहीच हलत नव्हतं.

विलास गेला, हे मला तेव्हा पटलं.